मोटर टांगायची कुठे?

विजेची ट्राम पहिल्यांदा नियमित धावली ती बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्डे इथे, १८८१ मध्ये. वर्नर सीमेन्सने १८० व्होल्टचा प्रवाह चक्क रुळांतच सोडला होता. रूळ ओलांडताना घोड्यांना झटके बसत, ते उधळत. गर्दीच्या रस्त्यावर हे चालणारं नव्हतंच, त्यामुळे तार डोक्यावर गेली.

खरं अडलं होतं ते मोटरपाशी. ती डब्यात बसवून पट्ट्याने किंवा साखळीने चाक फिरवावं, तर पट्टा घसरतो, साखळी निसटते. गिअर लावावेत, तर डबा स्प्रिंगांवर हिंदकळतो, चाक रुळावर आपटत जातं; दोघांतलं अंतर सतत बदलतं आणि दाते तुटतात.

एडिसनकडे काही काळ काम केलेल्या फ्रँक स्प्रेगने यावर काढलेला तोडगा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो. मोटरची एक बाजू त्याने थेट चाकाच्या आसावर बसवली, दुसरी स्प्रिंगने गाडीच्या चौकटीला टांगली. बांधकामावरच्या एकचाकी ढकलगाडीचं वजन जसं थोडं चाकावर, थोडं हातावर, तसंच हे. चाक उसळलं की मोटरही आसाभोवती किंचित झुलते, पण दात्यांमधलं अंतर तेवढंच राहतं.

१८८७ मध्ये त्याने अमेरिकेतल्या रिचमंड शहराचं कंत्राट घेतलं: सुमारे १९ किलोमीटर मार्ग, वीजघर, ४० गाड्या, आणि मुदत ९० दिवस! ती अर्थातच टळली. चढ भयंकर होते. एका चाचणीत गाडी चढावर बसली, तेव्हा बघ्यांसमोर स्प्रेगने मदतनिसाला ‘उपकरणं’ आणायला पाठवलं. आली ती चार खेचरं. फेब्रुवारी १८८८ मध्ये मात्र सेवा सुरू झाली. बॉस्टनच्या ट्राम कंपनीचा प्रमुख हेन्री व्हिटनी पाहायला आला, तेव्हा एकाच टप्प्यावर उभ्या केलेल्या २२ गाड्या स्प्रेगने एकापाठोपाठ हलवून दाखवल्या. बॉस्टनने वीज स्वीकारली. मुंबईत विजेची ट्राम आली ती १९०७ मध्ये.

ही टांगणी आजही वापरात आहे. आपल्याकडचं मालगाडीचं डब्ल्यूएजी-९ इंजिन घ्या, त्याच्या मोटरी अशाच बसवलेल्या आहेत. तोटा एकच: मोटरचं बरंचसं वजन स्प्रिंगविना थेट रुळावर आदळतं. वेग वाढला की तो मार महागात पडतो, म्हणून वेगवान प्रवासी गाड्यांच्या डब्ल्यूएपी-५ इंजिनात मोटर आसावरून उचलून पूर्णपणे चौकटीवर नेली आहे.