झिजलेले दात आणि वयाचा हिशेब

नागपूरहून काटोल रोडने निघालं की जुनापाणीची शिलावर्तुळं, म्हणजे मोठे दगड गोलाकार मांडलेली प्राचीन दफनं, लागतात. एकोणिसाव्या शतकात तिथे खोदकाम झालं, तेव्हा गाजल्या त्या लोखंडी कुऱ्हाडी आणि घोड्यांचे लगाम. विदर्भातल्या अशा महापाषाणी (मोठ्या दगडांच्या) दफनांत माणसाची हाडं बहुधा तुकड्यांतच हाती येतात. दात मात्र टिकतात, कारण एनॅमलचा, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणाचा, सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. महाराष्ट्रात प्राचीन दातांच्या अभ्यासाला भरपूर सामग्री मिळाली ती पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव या प्राचीन वस्तीत. १९६८ ते १९८३ या काळातल्या उत्खननात तिथे दोनशेहून अधिक दफनं सापडली.

मुलांचं वय दात फुटण्यावरून कळतं. मोठ्यांचं वय झिजेवरून काढतात, आणि वाद आहे तो इथेच. पहिली दाढ सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या आणि अक्कलदाढ अठराच्या आसपास. म्हणजे पहिल्या दाढेवर दुसरीपेक्षा सहा वर्षांची झीज जास्त. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये या तत्त्वावर एका अँग्लो-सॅक्सन दफनभूमीतल्याच मुलांच्या दाढांवरून झिजेचा वेग ठरवला गेला. त्याच वर्षी प्राचीन ब्रिटिश सांगाड्यांवरून बेतलेला, झिजेवरून थेट वय सांगणारा एक तयार तक्ताही छापून आला. तो वापरायला सोपा, म्हणून जगभर तोच चालला.

पण पाट्यावर वाटलेल्या धान्यात दगडाची कच उतरते. असं अन्न खाणाऱ्याची दाढ तिशीतही पन्नाशीची दिसू शकते. तक्ता लावून तो माणूस पन्नाशीचा ठरवायचा आणि मग त्याच झिजेवरून त्याच्या आहाराबद्दल बोलायचं, ही पद्धत मला मुळातच चुकीची वाटते. वय गृहीत धरूनच आहार काढला, तर हाती नवं काय लागलं?

‘झीज’ हा शब्दही गोंधळाचा आहे. दातावर दात घासून होणारी, कचीमुळे होणारी आणि आंबटाने विरघळून होणारी, अशा तिन्ही प्रकारांना आपण तेच म्हणतो. वर्षानुवर्षं खर्रा चघळणाऱ्या नागपूरकराच्या दाढा सुपारीने झिजतात. तीही झीजच, पण तिचा धान्याशी संबंध नाही.

१९८४ मध्ये झिजेच्या कोनाकडे लक्ष वेधलं गेलं. शिकार-संकलन करणाऱ्यांच्या दाढा सपाट झिजतात, शेती करणाऱ्यांच्या तिरप्या. पुढे सूक्ष्मदर्शकाखालच्या ओरखड्यांचा अभ्यास वाढला. कोन आणि ओरखडे वाचायला ब्रिटिश तक्ता लागत नाही. विदर्भात वेग ठरवण्याइतके मुलांचे जबडे हाती नसतील, तर झिजेची अवस्था तेवढी नोंदवावी. वर्षांचा आकडा लिहू नये.