भुंगेऱ्यावरच्या बुरशीला नवीन नाव द्यायचंय? पात्रता काय, नंबर कुठं मिळतो, कागदपत्रं कोणती

मृगाचा पाऊस झाला की आखाड्यावरच्या बल्बखाली भुंगेऱ्यांचा खच पडतो, आणि मग एमएस्सीची पोरं फोन करायलेत की सर, भुंगेऱ्याच्या पाठीवर नवीन बुरशी सापडली, अर्ज कुठं भरायचा. तर आधी हे समजून घ्या की नवीन प्रजाती "मंजूर" करणारं ऑफिस कुठंच नाही. नियमांचं एक पुस्तक आहे, शैवाल, बुरशी आणि वनस्पतींच्या नावांचा आंतरराष्ट्रीय कोड, सध्या २०२५ ची माद्रिद आवृत्ती चालू आहे. त्यातल्या अटी पाळून छापलं की नाव वैध, एक जरी अट राहिली तर नाव वैध होत नाही, मग तुमची डिग्री कितीही मोठी असू द्या.

पात्रतेला डिग्री लागत नाही, वयाची अट नाही. औंढ्याचा शेतकरी असो की उदगीरचा बीएस्सीचा पोरगा, कुणीही करू शकतं.

बुरशी कोणती म्हणताय? लॅबुलबेनिएलीज, म्हणजे किड्यांच्या अंगावर वाढणाऱ्या बारीक बुरशींचा एक गट. हिला तंतूंचं जाळं नसतं, भुंगेऱ्याच्या कवचावर ती बारीक केसासारखी उभी असते, बहुतेक वेळा एक मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि बुडाला एक काळी पेशी असते, तिनंच ती चिकटलेली असते. भुंगेरा सहसा मरत नाही. हार्वर्डच्या रोलंड थॅक्स्टर यांनी १८९६ ते १९३१ मध्ये पाच भागांत यांच्यावर काम छापलं, आजही सुरुवात तिथूनच करावी लागते. या गटातल्या एकट्या लॅबुलबेनिया वंशातच सहाशेच्या वर प्रजाती आहेत, त्यामुळं जुन्या सगळ्या जवळच्या प्रजातींशी जुळवून बघितल्याशिवाय "नवीन" हा शब्द तोंडातून काढू नका.

आता कागदपत्रं. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे लेबल, आणि मी हे कळकळीनं सांगतोय. आमची एक चांगली स्लाइड वाया गेली कारण भुंगेरा ठेवलेल्या अल्कोहोलच्या कुपीतली चिठ्ठी बॉलपेननं लिहिलेली होती, अल्कोहोलमध्ये शाई उतरली, गाव गेलं, तारीख गेली, उरला नुसता भुंगेरा. तेव्हापासून पेन्सिलनंच लिहितो: गाव, तालुका, जीपीएस, तारीख, कुणी पकडला, भुंगेरा कोणता, आणि बुरशी अंगावर नेमकी कुठं होती, डाव्या कवचाच्या कडेला की पायावर. जागा बदलली की काही प्रजातींचा आकारही बदलतो म्हणून हे लागतं. नंतर बारीक सुईनं बुरशी बुडाच्या काळ्या पेशीसकट उचलायची, स्लाइडवरच्या ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायची, वरून पातळ काच म्हणजे कव्हरस्लिप आणि कडेनं नेलपॉलिश. बूड तुटलं तर ती स्लाइड होलोटाइपच्या कामाची नाही असंच धरा.

होलोटाइप म्हणजे ज्या एका नमुन्यावर नाव टिकतं तो. तो कुठल्या एका हर्बेरियममध्ये, म्हणजे वनस्पती-बुरशींचे नमुने जपून ठेवणाऱ्या संग्रहात, ठेवलाय हे छापील लेखात लिहावंच लागतं. आपल्याला जवळ म्हणजे पुण्याच्या आघारकर संस्थेतलं अजरेकर हर्बेरियम. आपल्या जैवविविधता कायद्यानुसार नवीन प्रजाती सापडली की नेमलेल्या संस्थेला कळवून नमुना तिथं जमा करायचा असतो, ती यादी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे बघा आणि आधी मेल करून विचारा. स्लाइड परदेशातल्या तज्ज्ञाला पाठवायची असेल तर परवानगी आधी, पार्सल नंतर. गौताळा किंवा नायगाव अभयारण्यातून भुंगेरे उचलायचे असतील तरी वनविभागाची लेखी परवानगी आधीच पाहिजे, स्वतःच्या शेतातले असतील तर हा प्रश्नच नाही.

मग नंबर. २०१३ पासून बुरशीच्या प्रत्येक नव्या नावाला नोंदणी नंबर सक्तीचा आहे. मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स या नोंदणीच्या वेबसाइट, तिघांपैकी कुठंही अकाउंट काढा, नाव आणि वर्णन भरा, फी नाही. लेख छापायच्या आधी नंबर घ्यायचा आणि लेखात तो छापायचा.

वर्णन इंग्रजी किंवा लॅटिनमध्येच चालतं, नुसतं मराठी चालत नाही, याचं मला वाईट वाटतं पण नियम आहे. डीएनएची सक्ती नाही, असेल तर उत्तमच. लेख छापील जर्नलमध्ये चालतो, नुसता ऑनलाइन असेल तर पीडीएफ पाहिजे आणि त्या प्रकाशनाला आयएसएसएन किंवा आयएसबीएन हा नंबर पाहिजे. पीएचडीच्या प्रबंधात "नवीन प्रजाती" लिहून पोरं निवांत बसतात, साधारणपणे तेवढ्यानं नाव प्रकाशित झालं असं धरत नाहीत, वेगळा लेख लागतोच.

नाव गावावरून ठेवलं तर शेवटी -एन्सिस, बाईच्या नावावरून -ए, माणसाच्या -आय किंवा -आयआय, आणि गावावरून ठेवलेल्या नावाचा शेवट वंशाच्या लॅटिन नावाचं लिंग बघून जुळवा. लेख छापून आला की नोंदणी नंबर जिथून घेतला तिथं पान नंबर कळवा, हर्बेरियमला पीडीएफ पाठवा म्हणजे ते स्लाइडवरचं लेबल बदलतील, आणि ज्या भुंगेऱ्यावरून बुरशी काढली त्याची कुपी फेकू नका, तिच्यावरही स्लाइडचाच नंबर टाकून ठेवा.