ईएफ 60, स्ट्रेन उणे 14: डायलिसिसच्या रुग्णाचा इको वाचताना

डायलिसिस सुरू असलेल्या रुग्णाच्या 2डी इकोच्या रिपोर्टखाली बरेचदा अशी ओळ असते: ‘कॉन्सेन्ट्रिक एलव्हीएच, नो आरडब्ल्यूएमए, एलव्हीईएफ 60 टक्के.’ म्हणजे डाव्या कप्प्याच्या भिंती सगळीकडून जाड, कुठलाही भाग हलण्यात मागे नाही, ईएफ 60. घरच्यांची नजर 60 वर जाते आणि पंपिंग चांगलं आहे म्हणून सगळे निर्धास्त होतात. हल्ली त्याच कागदावर जीएलएस नावाचा आणखी एक आकडा दिसतो, समजा उणे 14. दोन्ही टक्क्यांत, दोन्ही हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचे. मोजतात मात्र वेगवेगळं.

ईएफ म्हणजे भरलेल्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडलं. 120 मिली भरलं, 48 उरलं, 72 बाहेर गेलं: ईएफ 60. आता वर्षानुवर्षांच्या बीपीने भिंती जाड होऊन आतून अरुंद झालेला कप्पा घ्या. 80 मिली भरलं, 32 उरलं. ईएफ पुन्हा 60च, पण बाहेर पडलं फक्त 48 मिली. टक्केवारीत हा फरक दिसायची सोयच नाही.

जीएलएस, म्हणजे ग्लोबल लॉन्जिट्यूडिनल स्ट्रेन, रक्त मोजत नाही. स्नायू लांबीत किती आखडला ते मोजतो. 8 सेंमीची बाजू ठोक्याला 6.4 वर आली तर उणे 20, निरोगी हृदयात साधारण एवढाच असतो. 6.9 पर्यंतच आली तर जवळपास उणे 14. उणे चिन्ह आखडण्याचं आहे, त्यामुळे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका वाईट. उणे 14 हा उणे 20 पेक्षा ‘मोठा’ म्हणून बरा, असं वाचणारेही भेटतात!

डायलिसिसच्या रुग्णात हे दोन आकडे फटकून वागतात, त्याचं कारण स्नायूच्या रचनेत आहे. उभे तंतू मुख्यतः भिंतीच्या आतल्या थरात असतात. भिंत जाड झाली, बारीक रक्तवाहिन्या पुरेनाशा झाल्या, फायब्रोसिस (स्नायूत चिवट तंतू साठणं) सुरू झाला की पहिला मार त्यांना बसतो आणि स्ट्रेन घसरतो. मधल्या थरातले आडवे तंतू जाड भिंत आत दाबत राहतात, म्हणून ईएफ तगून राहतो. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या, कॅनडातल्या 433 रुग्णांच्या अभ्यासात डायलिसिस सुरू होतानाच 74 टक्के जणांच्या भिंती जाड होत्या. पंपिंग कमी झालेले होते 15 टक्के. जोखीम शोधताना नुसता ईएफ बघितला तर भिंती जाड पण पंपिंग शाबूत असा हा मधला मोठा गट निसटतो.

म्हणून ईएफ टाकाऊ ठरत नाही. हार्ट फेल्युअरची औषधं, आयसीडीचा (धोकादायक ठोके शॉक देऊन थांबवणाऱ्या, अंगात बसवायच्या यंत्राचा) विचार, यासाठीच्या 40 आणि 35 या रेषा ईएफवरच आखलेल्या आहेत. स्ट्रेनसाठी डायलिसिसच्या रुग्णांत अशी सर्वमान्य रेषा नाही. उणे 14 आला की अमुक गोळी, असं नसतं; बीपी, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) आणि हिमोग्लोबिन जास्त काटेकोर बघायचं, एवढाच त्याचा अर्थ.

आता पाण्याचा घोळ, कारण जास्त चुका इथेच होतात. अंगात पाणी साठलं की कप्पा ताणतो, मायट्रल व्हॉल्व्हची (डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेची) गळती वाढते आणि मागे गळणारं रक्तही ईएफमध्ये ‘बाहेर गेलेलं’ म्हणून धरलं जातं. भिंतीच्या वजनाचं तर विचारूच नका, त्याच्या सूत्रात मापांचा घन असतो. दोन्ही भिंती 12 मिमी आणि कप्पा 52 मिमी धरला तर वजन 249 ग्रॅम निघतं. पाणी काढल्यावर कप्पा 48 झाला, भिंती तेवढ्याच धरल्या, की 219. चार मिमीच्या फरकाने 30 ग्रॅम स्नायू कागदावरून गायब. स्ट्रेनही यातून सुटत नाही, आणि डायलिसिस संपता संपता केला तर काही वेळ सुन्न पडलेला स्नायू आकडा आणखी शून्याकडे ओढतो. म्हणून इको आठवड्याच्या मधल्या, डायलिसिस नसलेल्या दिवशी, ड्राय वेटच्या जवळपास करावा. सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस असेल तर गुरुवार चांगला. दोन दिवसांच्या खंडानंतरचा सोमवार सकाळचा इको जोखमीच्या हिशेबाला फारसा कामाचा नाही.

स्ट्रेनच्या खास अडचणीही आहेत. एपिकल व्ह्यूमध्ये (हृदयाच्या टोकाकडून घेतलेल्या चित्रात) टोक तिरपं कापलं गेलं, फ्रेम रेट सेकंदाला 40 चित्रांच्या खाली गेला किंवा मायट्रल रिंगभोवती कॅल्शियम असलं, जे या रुग्णांत नेहमीचंच, तर सॉफ्टवेअर तळाकडचा भाग नीट पकडत नाही. कंपनीगणिक सॉफ्टवेअर वेगळं असल्याने पुढचा इको शक्यतो त्याच मशीनवर करावा. ठोके अनियमित असतील तर एका ठोक्यावर विसंबू नये, सरासरी घ्यावी.

इकोला जाताना चिठ्ठीवर ड्राय वेट, त्या दिवशीचं वजन आणि शेवटच्या डायलिसिसची तारीख-वेळ लिहून न्यावी. तंत्रज्ञ बीपी घेईल तेव्हा फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी) नसलेला हात पुढे करायचा.