विहिरीचं गार पाणी आणि तुमचा कूलर: कॉइल घेण्याआधी वाचा

नवतपा (मे अखेरीचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला की आमच्या वर्कशॉपवर दर दोन दिवसांनी एक प्रश्न येतोच: "भाऊ, परदेशात म्हणे तलावाच्या पाण्यावर एसी चालतो. मग आमच्या विहिरीवर का नाही?" आम्ही विहिरीचं पाणी फिरवून कूलरची हवा आधीच गार करणारी कॉइल बनवतो. पण ती कोणाला चालेल याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा कागद छापला.

परदेशातली गोष्ट खरी आहे. कॅनडातल्या टोरांटो शहरात 2004 पासून ऑन्टारिओ सरोवराचं पाणी वापरून मोठमोठ्या इमारती गार केल्या जातात. किनाऱ्यापासून सुमारे 5 किलोमीटर आत आणि 83 मीटर खोल पाइप टाकलेत. तिथलं पाणी बारमाही 4 अंशांच्या आसपास असतं. पाणी 4 अंशांना सगळ्यात जड होतं. हिवाळ्यात वरचं पाणी तेवढं गार झालं की तळाशी जाऊन बसतं आणि उन्हाळाभर तिथंच राहतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं 2000 साली कायुगा सरोवरावर असंच काम केलं. टोरांटोची एक गोष्ट आम्हाला फार आवडते: इमारतींची उष्णता घेतल्यावर ते पाणी फुकट सोडत नाहीत, शहराच्या नळाला जातं. एकाच पाण्याची दोन कामं.

आता आपल्याकडं, विदर्भात या. भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव उथळ, मे महिन्यात त्यात पाय घातला तर कोमट लागतो. आपला हिवाळा पाणी 4 अंशांवर नेण्याइतका कडक नाही. जमिनीखालचं पाणी साधारण त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाएवढं असतं, म्हणजे आपल्याकडं 26 ते 28 अंश. उन्हाळ्यात ते गार आणि थंडीत गरम लागतं, पण पाणी तेच असतं. फरक आपल्या अंगाला पडतो.

आणि एक गैरसमज आधीच काढून टाकतो. "बोअर आणखी खोल नेली तर पाणी आणखी गार लागेल" असं बरेच जण धरून चालतात. उलट आहे. जमिनीत खाली जावं तसं दर 100 मीटरला अडीच-तीन अंश तापमान वाढतं. खोल बोअरचं पाणी जास्त गरम, आणि वर आणायला वीजही जास्त. पंपाची तूट धरून 1,000 लिटर पाणी 15 मीटरवरून उचलायला साधारण 0.1 युनिट लागतं, 60 मीटरवरून 0.4 आणि 150 मीटरवरून एक युनिट. आमच्या कॉइलला दर तासाला एवढंच पाणी लागतं. दीड टनाचा एसी भर मेमध्ये ताशी दीड युनिटच्या आसपास खातो. म्हणजे नुसत्या थंडाव्यासाठी खोल बोअर चालवणं म्हणजे एसीचं बिल मोटारीच्या नावावर टाकणं. त्यासाठी कोणी नवी बोअर मारायला निघाला तर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवतो.

मग 27 अंशांच्या पाण्याचा उपयोग काय? एकट्यानं थोडा, कूलरच्या जोडीनं भरपूर.

आम्ही बनवतो ती कॉइल म्हणजे गाडीच्या रेडिएटरसारखी वस्तू. तांब्याच्या नळ्या, त्यावर ॲल्युमिनियमच्या बारीक पात्या. ती कूलरच्या मागं, गवताच्या जाळीच्या बाहेर बसते. नळ्यांतून विहिरीचं पाणी फिरतं आणि बाहेरची हवा आधी कॉइलमधून जाते, मग ओल्या गवतातून. बाजूच्या दोन्ही जाळ्या आम्ही पत्र्यानं बंद करतो. नाहीतर हवा कॉइल सोडून सोप्या वाटेनं आत शिरते. यात पंख्याचा फेक थोडा कमी होतो, हे आत्ताच सांगून ठेवतो.

हिशेब असा. बाहेर 43 अंश आणि आपली कोरडी हवा. साधा कूलर चांगल्या गवतावर ती 27 अंशांपर्यंत आणतो. नुसती कॉइल तीच हवा 32 पर्यंत आणते, म्हणजे कूलरपेक्षा कमीच. पण कॉइलमधून 32 वर आलेली हवा अजून कोरडी असते, तिच्यात एक थेंबही पाणी मिसळलेलं नसतं. ती गवतातून गेली की 22-23 वर उतरते. नुसता कूलर 27, जोडीनं 22-23. शिवाय गवतावरून उडून जाणारं पाणी हिशेबानं तिसऱ्या हिश्श्यानं कमी लागतं, कारण निम्मं काम कॉइलनं आधीच केलेलं असतं. ज्या घरी कूलरची टाकी डोक्यावरून आणलेल्या हंड्यांनी भरतात, तिथल्या मावशींना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्यासाठी ताशी सुमारे 1,000 लिटर पाणी कॉइलमधून फिरावं लागतं. ते 27 अंशांना येतं आणि 31-32 होऊन बाहेर पडतं. हे पाणी कुठं जाणार, यावर घ्यायचं की नाही ते ठरतं. संत्र्याच्या बगीच्यात घर असेल आणि मेमध्ये आंबिया बहाराला मोटार चालतेच, तर पाणी आधी घरातून जाऊ द्या, मग ठिबकला. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला 100 लिटरच्या वर पाणी लागतं. आठ तासांचे 8,000 लिटर झाडांनाच कमी पडतील, आणि चार-पाच अंश वाढल्यानं झाडाचं काही बिघडत नाही. पण घर गावठाणात, वावर दोन किलोमीटरवर आणि पाणी मोरीत सोडणार असाल, तर कॉइल घेऊ नका. वरूड-मोर्शीकडं पाणी किती खाली गेलंय ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

विहीर घराजवळच असेल तर पाणी परत विहिरीत सोडता येतं. 6 मीटर व्यासाची विहीर आणि तीन मीटर पाणी धरलं, तर आठ तास चालवल्यावर सगळं पाणी दिवसाला अर्ध्या अंशाच्या आसपास तापतं. झरे जिवंत असतील तर रात्रीतून बरंचसं निवतं. उघड्या विहिरीत वरचं हात-दोन हात पाणी कोमट आणि तळाचं गार असतं, म्हणून फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाचं तोंड) खाली ठेवा, परतीचा पाइप वर सोडा. आपल्यापुरतं तेवढंच ऑन्टारिओ. पिण्याच्या विहिरीत मात्र परतीचं पाणी सोडू नका.

पाइपाचं आम्ही स्वतःच्या खिशातून शिकलो. पहिली कॉइल आम्ही वर्कशॉपवरच लावली. शेजारच्या विहिरीपासून 200 फूट काळा पाइप टिनावरून आणला. दुपारी दोन वाजता मोटार चालू केली आणि कूलरसमोर सगळे ओळीनं बसलो. आली ती लू. पाइपाला हात लावला तर चटका. शेजारचे काकाजी म्हणाले, "पोरांनो, हा तर गिझर झाला." तेव्हापासून पाइप दीड-दोन फूट गाडल्याशिवाय आम्ही कॉइल जोडत नाही.

खारपाणपट्ट्यातल्या मंडळींनी, म्हणजे पूर्णेकाठच्या अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या गावांनी, आधी पाणी दाखवावं. खाऱ्या पाण्यानं तांबं खराब होतं आणि नळीत आतून थर बसतो. साध्या जड पाण्यालाही हंगाम संपल्यावर लिंबूसत कोमट पाण्यात घोळून एकदा कॉइलमधून फिरवावं लागतं. ते कसं करायचं, बसवायला आलेला पोरगा दाखवतो.

पावसाळ्यात फार आशा ठेवू नका. हवा दमट झाली की कूलर चिकचिक करतो. तेव्हा गवताचं पाणी बंद ठेवून नुसती कॉइल चालवा. 34 ची हवा 29-30 होईल, पण घाम सुकणार नाही. हवेतली वाफ काढायला पाणी तिच्या दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) गार लागतं, आणि आपलं 27 चं त्याला पुरत नाही. ते काम एसीचंच.

विजेचं सांगायचं तर सौर पंप सगळ्यात सोयीचा. ऊन जेवढं कडक, पाणी तेवढं जास्त, आणि थंडावाही तेव्हाच हवा असतो. शेतीपंपाच्या मीटरवर घरचा कूलर मात्र जोडू नका, ते नियमात बसत नाही. विहीर उथळ असेल तर घरच्या मीटरवर अर्ध्या एचपीची मोटार पुरते.

भाव विहीर आणि अंतर पाहिल्याशिवाय सांगत नाही. येताना तीन गोष्टी कागदावर लिहून आणा: पाणी किती फुटांवर आहे, विहिरीपासून घर किती फूट आणि दुपारी दोन वाजता पाणी किती अंश भरतं. तापाचं थर्मामीटर चालत नाही, ते 35 च्या खाली सहसा दाखवतच नाही. दूध डेअरीतलं मागून घ्या. मोटार दहा मिनिटं चालू द्या, मग बादली भरून मोजा. आधीचं पाणी पाइपात तापलेलं असतं.