अर्जाखालचं नाव

सरकारी कार्यालयात आलेला कागद पहिल्यांदा आवक-जावकच्या टेबलावर जातो. लिपिक शिक्का मारतो, क्रमांक टाकतो, नोंदवहीच्या एका रकान्यात पाठवणाऱ्याचं नाव लिहितो, दुसऱ्यात विषय. कागद साहेबांकडे जातो, ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा घेऊन खाली उतरतो आणि पुष्कळदा ज्याच्याविरुद्ध लिहिलेला असतो त्याच्याच विभागात येऊन पोचतो. तोवर तक्रारदाराचं नाव निदान पाच-सहा जणांनी वाचलेलं असतं. आपल्याच खात्यातला गैरव्यवहार वर कळवणाऱ्या कर्मचाऱ्याची खरी भीती या रकान्याची असते. गेल्या साठ वर्षांत या विषयावर समित्या बसल्या, परिपत्रकं निघाली, ठराव झाला, कायदासुद्धा झाला. त्या सगळ्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं: हे नाव सांभाळायचं कुणी?

प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजाचं धन खाण्याचे चाळीस प्रकार नोंदवले आणि त्याच अध्यायात खबर देणाऱ्याचाही हिशेब केला. अपहार सिद्ध झाला तर सूचकाला रकमेचा सहावा हिस्सा मिळे, पण तो नोकर असेल तर बारावा. आरोप सिद्ध झाला नाही तर शिक्षा सूचकालाच. आतला माणूस बोलला की त्याच्याकडे थोडं कमी विश्वासाने बघायचं, ही खोड तेव्हापासूनची म्हणायला हवी.

इंग्रजांनी दिलेला वारसा गप्प राहण्याचा. १९२३चा शासकीय गुपितांचा कायदा आजही लागू आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी खरेदीतली लाचखोरी वाढली म्हणून १९४१मध्ये विशेष पोलीस यंत्रणा उभी राहिली, आणि पुढे १९६३मध्ये सीबीआय. त्याच सुमारास, १९६२मध्ये, तेव्हाचे गृहमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी भ्रष्टाचाराला आळा घालण्यासाठी के. संथानम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून ११ फेब्रुवारी १९६४ रोजी केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. त्याच वर्षी केंद्रीय कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियमही आले. त्यांतल्या एका नियमाने परवानगीशिवाय कार्यालयीन माहिती बाहेर देणं गैरवर्तन ठरवलं. एका हाताने तक्रारीसाठी दार उघडलं आणि दुसऱ्या हाताने तोंडावर बोट ठेवलं, ते एकाच वर्षात. महाराष्ट्रात १९७१च्या कायद्याने लोकायुक्त आले. दार आणखी एक झालं, नाव सांभाळण्याची अडचण होती तशीच राहिली.

म्हणून कर्मचाऱ्यांनी आपली वाट काढली ती निनावी अर्जाची. डाव्या हाताने लिहिलेला, ‘एक त्रस्त नागरिक’ किंवा ‘आपला हितचिंतक’ अशी सही असलेला, दुसऱ्याच गावच्या पेटीत टाकलेला अर्ज. या अर्जांचा गैरवापरही भरपूर झाला. कुणाची बढती जवळ आली की त्याच्याविरुद्ध एक निनावी अर्ज हमखास यायचा, आणि चौकशी संपेपर्यंत संधी हुकलेली असायची. या जाचातून सरळ अधिकाऱ्यांना सोडवण्यासाठी केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी २९ जून १९९९ रोजी आदेश काढला की, निनावी आणि खोट्या नावाच्या तक्रारींवर कारवाई करायची नाही. हेतू चांगला होता. पण ज्याला खरोखर काही सांगायचं होतं, त्याच्यापुढे आता नाव देण्यावाचून मार्ग उरला नाही, आणि दिलेलं नाव झाकून ठेवण्याची कुठलीही व्यवस्था नव्हती. ती करावी म्हणून विधी आयोगाने डिसेंबर २००१मध्ये आपला १७९वा अहवाल सरकारला दिला. कायद्याचा मसुदाही सोबत जोडला होता. तो अहवाल पडून राहिला.

आणि मग सत्येंद्र दुबे. बिहारमधल्या सिवान जिल्ह्याच्या एका खेड्यातून आयआयटी कानपूरला गेलेला हा मुलगा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात अभियंता होता. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातल्या बिहार-झारखंडच्या रस्त्यांचं काम त्याच्याकडे होतं. निकृष्ट झालेला सहा किलोमीटरचा रस्ता त्याने कंत्राटदाराला पुन्हा करायला लावला होता. खात्यात सांगून फरक पडेना, तेव्हा नोव्हेंबर २००२मध्ये त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. पोटकंत्राटं कशी वाटली जातात, दर्जा कसा घसरतो, पैसा कुठे गळतो, ते सगळं त्यात होतं. पत्र निनावी नव्हतं. निनावी पत्राकडे कुणी बघत नाही हे ठाऊक असल्याने त्याने आपली ओळख दिली, आणि ती गुप्त ठेवावी अशी विनंती केली.

ते पत्र इतर कुठल्याही टपालासारखं फिरलं. पंतप्रधान कार्यालयातून रस्ते वाहतूक मंत्रालयात, तिथून महामार्ग प्राधिकरणात, म्हणजे त्याच्याच खात्यात. कागदावर एकामागून एक अधिकाऱ्यांचे शेरे पडत गेले आणि नाव कागदासोबत चालत राहिलं. यात कुणी फितुरी केली असंही म्हणता येत नाही. प्रत्येकाने आपापल्या टेबलावरचं काम रीतसर उरकलं, आणि मला या प्रकरणात सगळ्यांत जास्त बोचतं ते हेच. २७ नोव्हेंबर २००३च्या पहाटे तो एका लग्नाहून परत येत असताना गया शहरात त्याला गोळी घालण्यात आली. वय जेमतेम तीस. सीबीआयने तपास केला. २०१०मध्ये न्यायालयाने तिघांना दोषी ठरवलं ते लूटमारीतला खून म्हणून. त्याच्या कुटुंबाला ते कधीच पटलं नाही.

देशभर संताप उसळला, सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, आणि कायदा होईपर्यंत काहीतरी व्यवस्था करा असं न्यायालयाने बजावल्यावर केंद्र सरकारने २१ एप्रिल २००४ रोजी ठराव काढला. लोकहितार्थ माहिती उघड करणं आणि ती देणाऱ्याला संरक्षण, असा त्याचा विषय; इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पीआयडीपीआय’ म्हणून तो ओळखला जातो. त्याची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे, कारण दुबेच्या पत्राचं जे जे झालं ते टाळण्याचा त्यात प्रयत्न आहे. तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे बंद लिफाफ्यात पाठवायची. लिफाफ्यावर ती लोकहितार्थ तक्रार असल्याचं लिहायचं, पण पाठवणाऱ्याचं नाव तिथे टाकायचं नाही. नाव-पत्ता आतल्या कागदावर. आयोग पोच देत नाही. तक्रार खरंच तुमची आहे का आणि ती आणखी कुणाला पाठवली आहे का, हे तो पत्राने विचारून घेतो. त्यानंतरच मजकूर पुढे जातो, नाव वगळून.

आपल्याकडे अर्जाच्या तळाशी ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ म्हणून मुख्यमंत्र्यांपासून वर्तमानपत्राच्या संपादकांपर्यंत पाच-सात नावं टाकायची पद्धत आहे. कुणीतरी तरी दखल घेईल, ही त्यामागची आशा. या योजनेत नेमकी तीच ओळ घात करते. प्रती वाटल्या की ओळख गुप्त ठेवण्याची हमी संपली. कितीतरी प्रामाणिक माणसांना हे आधी कुणी सांगतच नाही.

ठरावाने जीव वाचवण्याची खात्री दिली नाही. १९ नोव्हेंबर २००५ रोजी इंडियन ऑइलचा सत्तावीस वर्षांचा अधिकारी मंजुनाथ षण्मुगम उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी जिल्ह्यात मारला गेला. त्याने भेसळीवरून पेट्रोल पंप बंद केला होता. आपल्याकडे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलमाफियांनी भरदिवसा जाळलं. टँकरमधून होणारी चोरी त्यांनी स्वतः पकडली होती. दोन दिवसांनी राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. हे दोघे अर्जदार नव्हते, आपलं नेमून दिलेलं काम करत होते. पण त्या बातम्या वाचून अर्ज लिहायला बसलेल्या किती जणांनी पेन खाली ठेवलं असेल, याची मोजदाद कुठल्याही नोंदवहीत नाही.

पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात एक पत्र उघडपणे, सहीनिशी लिहिलं गेलं. नाशिकच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीत मुख्य अभियंता असलेले विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांच्या फुगवलेल्या खर्चाबद्दल आणि निकृष्ट कामांबद्दल राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना लिहिलं. दहा वर्षांत सुमारे सत्तर हजार कोटी खर्च होऊन सिंचित क्षेत्र अवघं ०.१ टक्का वाढल्याची चर्चा राज्याच्या आर्थिक पाहणीवरून सुरू झालीच होती, तिला आता आतल्या माणसाची साक्ष मिळाली. २५ सप्टेंबर २०१२ रोजी उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये ते पदावर परतले. श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. २०१९मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने पवार यांच्यावर जबाबदारी येत नसल्याचं न्यायालयाला सांगितलं. पांढरे यांनी मुदतीआधीच सेवानिवृत्ती घेतली होती. त्यांना तो बंद लिफाफा वापरता आला नसता, कारण दक्षता आयोगाचा अधिकार केंद्राच्या खात्यांपुरता आणि केंद्राच्या उपक्रमांपुरता आहे. राज्याचे कर्मचारी त्यात येत नाहीत.

ती उणीव भरून काढणारा कायदा मात्र संसदेने केला आहे. विधेयक २०१०मध्ये मांडलं गेलं, लोकसभेने ते डिसेंबर २०११मध्ये आणि राज्यसभेने २१ फेब्रुवारी २०१४ रोजी मंजूर केलं, मे महिन्यात राष्ट्रपतींची सही झाली. तक्रारदाराची ओळख फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत. राज्यांचे कर्मचारीही त्याच्या कक्षेत. पण कायदा अमलात कधी येईल ते केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ठरवेल, असं त्याच्या पहिल्याच कलमात आहे. अधिसूचनेऐवजी २०१५मध्ये दुरुस्ती विधेयक आलं. देशाची सुरक्षा, व्यापारी गुपितं, मंत्रिमंडळाची कागदपत्रं अशा दहा प्रकारच्या माहितीवर आधारलेली तक्रारच चालणार नाही, अशी त्यात तरतूद होती. लोकसभेने ते मंजूर केलं, राज्यसभेत ते अडलं आणि २०१९मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा आपोआप रद्द झालं. मूळ कायद्याची अधिसूचना अजून निघालेली नाही.

म्हणजे आज बँकेतल्या किंवा रेल्वेतल्या माणसाकडे २००४च्या ठरावाचा तो लिफाफा आहे. जिल्हा परिषदेतल्या कनिष्ठ अभियंत्याचा अर्ज मात्र अजूनही आवक-जावकच्या टेबलावरच पडतो, आणि लिपिक नोंदवही उघडून पहिल्या रकान्यात त्याचं नाव लिहितो.