दीडशे ग्रॅमचा ससाणा आणि पांग्तीची जाळी

नोव्हेंबर महिना लागला की पुण्या-मुंबईचे पक्षीवाले शनिवार-रविवार गाठून लोणावळ्याच्या आसपासच्या पठारांवर जाऊन उभे राहतात, दुर्बीण गळ्यात आणि नजर वर, आणि ज्याची एवढी वाट बघतात तो पक्षी वजनाला कबुतराच्या निम्मा असतो. अमूर ससाणा. नर राखाडी, पाय केशरी-लाल, आणि उडताना पंखाची खालची बाजू पुढून एकदम पांढरी दिसते. आपल्याकडे तो राहायला येत नाही, नुसता जातो. चीनचा उत्तर भाग, मंगोलिया आणि रशियाच्या अतिपूर्वेकडचा अमूर नदीचा मुलूख इथे उन्हाळ्यात पिल्लं काढायची आणि हिवाळा दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला काढायचा, जाऊन-येऊन साधारण २२ हजार किलोमीटर, दरवर्षी, दीडशे ग्रॅमच्या जिवाने.

या प्रवासातला मोठा मुक्काम म्हणजे नागालँड. वोखा जिल्ह्यात दोयांग नावाचा जलाशय आहे, त्याच्या काठच्या झाडांवर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लाखांनी अमूर ससाणे रातथाऱ्याला, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला, येतात. कारण खाणं. पाऊस सरताना तिथल्या जमिनीतून पंखवाली वाळवी बाहेर पडते, आपल्याकडे पहिल्या पावसात दिव्याभोवती जे पंखवाले किडे जमतात ना तीच जात, आणि ससाण्यांना ती हवेतल्या हवेत पकडून खाता येते. वाळवीत चरबी भरपूर असते आणि पुढे समुद्र ओलांडायचा तर चरबीच लागते, कारण एक ग्रॅम चरबीतून पिठूळ अन्नाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते, शिवाय ती जळताना शरीरात थोडं पाणीही तयार होतं. म्हणजे दोयांग हा या पक्ष्यांचा पेट्रोल पंप म्हणा, आणि पुढे समुद्रावर अडीच-तीन हजार किलोमीटर दुसरा पंप नाही.

आता इथेच २०१२ साली काय झालं ते सांगायलाच हवं. त्या ऑक्टोबरमध्ये शशांक दळवी, रामकी श्रीनिवासन, बानो हरालू आणि रोकोहेबी कुओत्सू ही निसर्ग संवर्धनाचं काम करणारी मंडळी दोयांगला पोचली आणि त्यांनी जे पाहिलं त्याचे फोटो-व्हिडिओ जगभर गेले. रातथाऱ्याच्या आजूबाजूला उंच बांधलेली जाळी, संध्याकाळी हजारोंनी उतरणारे ससाणे त्यात अडकायचे, मग पिसं काढून, धुरी देऊन बाजारात. त्यांचा अंदाज होता की दिवसाला १२ ते १४ हजार पक्षी मारले जातायत, म्हणजे हंगामात सव्वा लाखाच्या आसपास. मी ते फोटो तेव्हा पाहिले होते, जाळीत डोकं खाली करून लटकलेले ससाणे, आणि त्या रात्री खरंच झोप लागली नाही.

पण ती जाळी आली कुठून हे बहुतेक बातम्यांत नव्हतं, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. ती मासे पकडायची जाळी होती. दोयांग हा नैसर्गिक तलाव नाही, वीजप्रकल्पासाठी बांधलेल्या धरणाचं पाणी आहे, प्रकल्प २००० च्या सुमारास सुरू झाला. त्या पाण्याखाली लोथा नागा लोकांची नदीकाठची चांगली शेती गेली. शेती गेल्यावर माणसं मासेमारीकडे वळली, घरोघरी नायलॉनची जाळी आली. आणि काठावर दरवर्षी लाखो पक्षी उतरायला लागले. हे सगळं एका जागी आल्यावर काय होणार? जे झालं ते भयंकरच होतं, पण त्या माणसांना नुसतं क्रूर म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

बरं, थांबवायचं कोणी? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहेच. पण नागालँडमध्ये बहुतांश जंगल सरकारचं नाही, गावाचं आणि कुळाचं आहे, आणि जमिनीवरचा हा हक्क संविधानाच्या ३७१(अ) कलमाने जपलेला आहे, त्यामुळे वनखात्याने चार गार्ड पाठवले आणि काम झालं असं तिथे होत नाही. गाव हो म्हणालं तरच.

आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर बघाल तर या पक्ष्यासाठी करारही आहे. स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांसाठीचा बॉन करार, १९७९ सालचा, भारत त्यात १९८३ पासून आहे. त्याच्या दोन याद्या आहेत, पहिलीत नामशेष व्हायच्या वाटेवरचे प्राणी, दुसरीत असे की ज्यांना वाचवायला अनेक देशांनी मिळून काम केलं पाहिजे, आणि ससाण्यांचं अख्खं कुळ या दुसऱ्या यादीत आहे. पण करार म्हणजे पोलिस नव्हे. देशाने शब्द पाळला नाही तर दंड करणारं कोणी नाही. शिवाय अमूर ससाणा जिथे पिल्लं काढतो त्यातले रशिया आणि चीन हे दोन प्रचंड देश या करारात सामीलच नाहीत, मंगोलिया आहे, दक्षिण आफ्रिका आहे. २००८ साली अबुधाबीत शिकारी पक्ष्यांसाठी वेगळा सामंजस्य करार झाला, त्यावर भारताने २०१६ मध्ये सही केली. माझ्यापुरतं सांगायचं तर अशा करारांकडे मी बरीच वर्षं नुसता कागद म्हणून बघायचो, पण दोयांगच्या बाबतीत त्या कागदाने एक काम नक्की केलं, वेगवेगळ्या देशांतली माणसं एका गावात आणून बसवली.

त्याआधी गावाने आपलं काम केलं होतं हे मात्र विसरू नका. २०१२ ते २०१३ या एका वर्षात पांग्ती, आशा आणि सुंग्रो या दोयांगजवळच्या गावांत बैठकांवर बैठका झाल्या, चर्चमधून सांगितलं गेलं, मुलांचे इको क्लब निघाले, बानो हरालूंच्या संस्थेने आणि वनखात्याने गावकऱ्यांशी बोलणं चालू ठेवलं, आणि ग्रामपरिषदांनी स्वतःच बंदी घातली. २०१३ च्या हंगामात पांग्तीत एकही ससाणा मारला गेला नाही. एका वर्षात! मी संवर्धनाच्या बऱ्याच कहाण्या वाचल्यात, पण इतक्या लवकर आणि इतकं पूर्ण वळलेलं गाव मला दुसरं माहीत नाही.

मग नोव्हेंबर २०१३ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था, नागालँड वनखातं, बॉन कराराची माणसं आणि हंगेरीचे पक्षीतज्ज्ञ दोयांगला जमले. हंगेरी का? कारण तिकडे याच ससाण्याचा जवळचा भाऊबंद, लाल पायांचा ससाणा, असतो आणि इतक्या छोट्या ससाण्याच्या पाठीवर टॅग, म्हणजे उपग्रहाला सिग्नल पाठवणारं यंत्र, बांधायचा हात त्यांचा बसलेला होता. तीन पक्षी पकडले, एक नर, दोन माद्या, आणि नावं ठेवली नागा, वोखा आणि पांग्ती. ज्या गावात आदल्या वर्षी जाळी होती त्या गावाचं नाव त्या मादीला दिलं, हे मला फार आवडलं.

टॅग ५ ग्रॅमचा. पक्ष्याच्या वजनाच्या साधारण तीन टक्के, यापेक्षा फार जड चालत नाही. एवढ्याशा वजनात मोठी बॅटरी बसत नाही म्हणून वर सौरपट्टी असते, काही तास सिग्नल पाठवायचा आणि मग बराच वेळ नुसतं चार्ज होत राहायचं. जागा कळते कशी तर त्यासाठी स्टेशनवरची फास्ट गाडी आठवा, न थांबता जाणारी, जवळ येताना भोंगा चिरका वाटतो आणि पुढे गेल्यावर एकदम जाड होतो. इथे भोंगा म्हणजे टॅग आणि फिरतो तो उपग्रह, एवढाच फरक, डोक्यावरून जाताना त्याला टॅगची फ्रिक्वेन्सी आधी किंचित वाढलेली आणि मग कमी झालेली मिळते आणि त्या बदलावरून टॅग जमिनीवर कुठे आहे ते गणिताने काढतात.

आणि मग आकडे यायला लागले. नागा नावाचा नर बांगलादेश, बंगालचा उपसागर, मग भारतीय द्वीपकल्प आडवा कापून अरबी समुद्रावर निघाला आणि थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला, ५,६०० किलोमीटर, ५ दिवस १० तासांत, न थांबता. भागाकार केला तर ताशी सरासरी ४३ किलोमीटर येतात, दिवसरात्र. त्या दिवसांत वारे ईशान्येकडून वाहतात म्हणजे पाठीवर वारा असतो हे खरं, तरीही.

समुद्रावर ते काही खातात का? इथे एक भन्नाट शक्यता आहे. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने पाहिलं की दर ऑक्टोबरपासून तिथे चतुरांचे थवेच्या थवे येतात, खरं तर त्या बेटांवर चतुरांना अंडी घालायला गोडं पाणी जवळपास नाहीच. २००९ साली त्याने मांडलं की हे चतुर भारतातून वाऱ्यावर स्वार होऊन आफ्रिकेला जातायत, आणि अमूर ससाणे त्याच वाऱ्याने त्याच दिवसांत जातात, तेव्हा वाटेत चतुरांवर ताव मारत असणार. पंप नाही असं मी वर म्हटलं, पण कदाचित शिदोरीच सोबत उडत असेल.

वोखाचा सिग्नल मधेच बंद पडला. नागा आणि पांग्ती मात्र आफ्रिका करून, उत्तरेला जाऊन, २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा नागालँडमध्ये उतरले. तोवर तिथे जाळी नव्हती.

एक गोष्ट मला अजून टोचते. पांग्तीच्या लोकांनी आधी धरणापायी शेती गमावली, मग आपणहून एक कमाई सोडली, आणि बदल्यात मिळतं ते पर्यटन, ते पक्षी असतात तेवढे आठवडेच. बाकीचं वर्ष आहेच. बक्षिसं आणि कौतुक पुष्कळ झालं, पण ज्या गावाने आपल्या सगळ्यांच्या वतीने हे केलं त्याला वर्षभराचं काहीतरी मिळायला हवं, आणि त्याची जबाबदारी धरणाची वीज वापरणाऱ्यांपासून या पक्ष्यांच्या वाटेवरच्या सगळ्या देशांपर्यंत सगळ्यांची आहे असं मला मनापासून वाटतं.

गेल्या काही वर्षांत लोणावळ्याला गेलो की मी एक हिशोब करतो. दोयांगपासून इथवर सरळ रेषेत साधारण २,३०० किलोमीटर, नागाच्या वेगाने आलं तर दोन-सव्वादोन दिवस. म्हणजे रविवारी सकाळी दहा वाजता डोक्यावरून गेलेला ससाणा वाटेत कुठे थांबला नसेल तर शुक्रवारी पहाटे पांग्तीच्या झाडांवर होता, आणि मंगळवार-बुधवारपर्यंत त्याला खाली जमीन दिसणार नाही.