६१७४ चा आठ अंकी भाऊ

डहाणू म्हटलं की चिकूच्या वाड्या आठवतात, पण दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरही डहाणूचेच. जन्म १७ जानेवारी १९०५. पुढे देवळालीला शाळामास्तर असताना, १९४९ मध्ये, त्यांनी ६१७४ ची करामत मांडली. चार अंकी संख्या घ्या (सगळे अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढता क्रम वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ हजर!

६१७४ चं कौतुक पुष्कळ झालं. मला त्याहून जास्त आवडते ती ९,७५,०८,४२१.

९८७५४२१० − ०१२४५७८९ = ९७५०८४२१

तीही स्वतःकडेच परत येते. फरक एवढाच, की ६१७४ सगळ्यांना ओढून घेते, हिच्याकडे मात्र प्रत्येक आठ अंकी संख्या येतेच असं नाही. खुद्द कापरेकरांची जन्मतारीख घ्या: १७०११९०५. पहिलं उत्तर ९७३९९५२१, दुसरं ८७६१७३२२, आणि असं करत चौदावं ८६३२६६३२. तिथून पुढे सात संख्यांचं रिंगण सुरू होतं. त्यातला एक टप्पा तर ८७६५४३२१ − १२३४५६७८ असा सरळसोट आहे. कागद-पेन्सिलीने करून बघा, मजा येते. उत्तराच्या सुरुवातीला शून्य आलं तर ते तेवढं गाळू नका.

आता ९७५०८४२१ चे अंक दोन्ही टोकांकडून जोडीने मिळवा: ९+१=१०, ७+२=९, ५+४=९, ०+८=८. ६१७४ मध्येही ६+४=१० आणि १+७=८. हा योगायोग नाही. उतरत्या रांगेखाली चढती लिहिली की डाव्या अर्ध्यात वरचा अंक जेवढ्याने मोठा, उजव्या अर्ध्यात तेवढ्यानेच लहान. उजवीकडे दशक उसना घेत घेत यावं लागतं आणि शेवटची उसनवारी मधल्या जोडीच्या डाव्या अंकावर पडते. म्हणून एककाच्या जोडीची बेरीज १०, मधल्या जोडीची ८, बाकीच्यांची ९. (मधले दोन अंक सारखे असले तर हिशेब थोडा बदलतो.)

पण रिंगणातल्या ८६३०८६३२ चाही सांगाडा हाच! मग ९७५०८४२१ च जागेवर का थांबते?

खरी मेख फरकांत आहे. तिच्या उतरत्या रांगेत जोड्यांमधले फरक ९, ७, ५, १ आहेत, आणि उत्तर काय येणार हे फक्त या चार आकड्यांवरून ठरतं. असे चौकडे मोजले तर, सगळे शून्य असलेला सोडून, अवघे ७१४ भरतात. म्हणजे कोट्यवधी संख्यांची तपासणी ७१४ वजाबाक्यांत आटोपते. संगणक नसतानाही चिकाटीच्या माणसाला जमावी एवढीच. त्या ७१४ पैकी उत्तरातही आपलेच फरक परत देणारे चौकडे दोनच: एक ९, ७, ५, १ आणि दुसरा ६, ३, ३, २. या दुसऱ्यातून निघते ६,३३,१७,६६४.